नेरळ–माथेरानच्या वाफेच्या इंजिनाचे १:१९ मॉडेल : चढावर चाके घसरतात आणि उतारावर गाडी आवरत नाही

घाटवाट (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. घरामागच्या अंगणात, कुंपणाच्या भिंतीला धरून, मी नेरळ–माथेरान मार्गाचे एक छोटे रूप उभे केले आहे. त्यासाठी १:१९ हे प्रमाण घेतले, म्हणजे मूळच्या एका फुटाला १६ मिलिमीटर. मूळ मार्गाचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, दोन फुटांचा आहे. तो या प्रमाणात ३२ मिलिमीटर येतो आणि त्या गेजची चाके व रूळ तयार मिळतात. मूळ मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा आहे. तो जसाच्या तसा उतरवायचा तर मला अकराशे मीटर रूळ टाकावे लागले असते आणि माझ्याकडे जागा आहे २४ मीटरची. त्यात नेरळ, जुम्मापट्टी, वॉटरपाइप आणि माथेरान अशी चार स्थानके सपाटीवर बसवली (अमन लॉज सोडावे लागले, त्याची चुटपुट अजून आहे) आणि उरलेल्या १८ मीटरमध्ये मूळ मार्गावरचा सर्वांत तीव्र चढ, म्हणजे १:२०, सलग ठेवला. त्यामुळे नेरळहून माथेरानला पोहोचेपर्यंत गाडी ९० सेंटिमीटर वर चढते. वळणे मात्र जागेपायी फार आवळावी लागली. सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या ७५० मिलिमीटर आहे.

हा मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधला आणि त्यावर ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीची ०-६-० टँक इंजिने (तीन आसांवर एकमेकांना जोडलेली सहा चाके आणि पाण्याची टाकी इंजिनावरच) धावली. लहानपणी वडिलांबरोबर जाताना त्यांपैकी एक मी जवळून पाहिले होते, आणि हे सारे काम त्या एका सकाळीपायी चालले आहे. विजेच्या मोटारीवर चालणारे मॉडेल करणे सोपे गेले असते, पण मला वाफच हवी होती. माझ्या इंजिनाचे वजन पाण्यासकट २.५ किलो, चाकाचा व्यास ४० मिलिमीटर, सिलिंडरचा व्यास १४ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १६ मिलिमीटर, पहिल्या व तिसऱ्या आसामधील अंतर ११० मिलिमीटर आणि बॉयलरचा कामाचा दाब दर चौरस इंचाला ४० पौंड आहे. तांब्याचा बॉयलर मी स्वतः केला नाही. तो एका अनुभवी कारागिराकडून करून आणि तपासून घेतला. गॅसचा बर्नर केबिनच्या बाजूने बॉयलरच्या मधून जाणाऱ्या अग्निनळीत शिरतो. मागे प्रत्येकी ६०० ग्रॅमचे चार बोगी डबे असतात.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की, सकाळची पहिली खेप इंजिन सुरेख चढते, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला जुम्मापट्टीच्या वरच्या त्याच त्या वळणावर चाके जागच्या जागी गरगरू लागतात. सरळ चढावर मात्र तेच इंजिन तेवढेच डबे ओढते. दुसरी अडचण उन्हाची. दुपारी बर्नर भर्र आवाज करतो, ज्योत नळीतून सुटते आणि विझते. शिवाय गॅसची छोटी टाकी पुरती भरतच नाही. याच संदर्भात बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवर कितपत विश्वास ठेवावा, हेही मला कळत नाही, कारण चढावर ती अर्ध्याहून अधिक भरलेली दिसते आणि गाडी सपाटीवर आली की पाणी एकदम खाली गेलेले असते.

तिसरी अडचण सर्वांत जिव्हारी लागली. उतरताना रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) बंद केला तरी गाडी वेग घेत जाते. गेल्या आठवड्यात शेवटचा डबा वळणावर रूळ सोडून भिंतीवर आदळला आणि त्याच्या टोकाचा व्हरांडा, ज्याला मला दोन महिने लागले होते, चुरा झाला. आपल्यापैकी कोणी इतक्या तीव्र चढावर वाफेचे मॉडेल चालवले असेल, तर कृपया सविस्तर सांगावे.

टर्नरकाका

आपण मापे व्यवस्थित दिली आहेत, त्यामुळे पहिल्या अडचणीचे उत्तर अंदाजाने नव्हे तर हिशेबाने देता येते.

गाडीचे एकूण वजन ४.९ किलो. १:२० चढावर त्याचा विसावा भाग, म्हणजे २४५ ग्रॅम, गाडीला सतत मागे खेचत असतो. आसांचे घर्षण वजनाच्या दोन टक्के धरले तर त्यात आणखी शंभर ग्रॅम मिळवा. म्हणजे सरळ चढावर इंजिनाला ३४५ ग्रॅमचा ओढ द्यावा लागतो, आणि आपल्या तीव्र वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासू लागल्या की हा आकडा सहज चारशेच्या पुढे जातो. आपल्या सिलिंडरची ताकद यात कुठेही कमी पडत नाही. दिलेल्या दाबाला चाकाच्या घेरावर कागदोपत्री दोन किलोहून थोडा अधिक ओढ मिळतो. गळती, घर्षण आणि थंड सिलिंडर यांत निम्मा गेला तरी एक किलो उरतो. म्हणून दाब वाढवण्याचा विचारही करू नये.

प्रश्न पकडीचा आहे. कोरड्या, स्वच्छ रुळावर चाकाला वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी पकड मिळते; आपल्या इंजिनाला ती ५०० ग्रॅम. रुळावर तेलाचा पापुद्रा चढला आणि पकड पंधरा टक्क्यांवर उतरली, की हातात ३७५ ग्रॅम राहतात. सरळ चढाला ३४५ लागतात, तेथे गाडी जेमतेम निभावते. वळणाला चारशेच्या वर लागतात, तेथे ती हरते. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाच आणि त्याच वळणावर चाके का गरगरतात, याचा उलगडा एवढ्यात होतो. पांढरा टिश्यू कागद बोटाला गुंडाळून त्या वळणाच्या रुळावरून एकदा फिरवा. त्यावर पिवळसर तपकिरी डाग उमटला तर ते आपल्याच ल्युब्रिकेटरचे (सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या कुपीचे) तेल आहे. सिलिंडरमधून निघालेली वाफ ते धुराड्यातून वर उडवते आणि त्याचे बारीक थेंब पुन्हा रुळावरच पडतात. एकदा चाके गरगरली की त्या जागी वाफ जास्त सुटते, म्हणजे तेलही तेथेच जास्त सांडते, आणि पुढच्या खेपेला ती जागा अधिकच निसरडी झालेली असते.

तेव्हा आधी ल्युब्रिकेटर पाहा. त्यात वाफ शिरते, थंड होऊन तिचे पाणी होते, पाणी तळाशी बसते आणि तेवढेच तेल वर ढकलले जाऊन वाफेच्या नळीत जाते. ते जाण्याचे भोक मोठे असेल तर सगळे तेल पहिल्या दहा मिनिटांतच उडून जाते. एक पूर्ण फेरी झाल्यावर ल्युब्रिकेटर रिकामा करा. त्यातून निव्वळ पाणी आले आणि वर तेलाचा थरच नसला, तर तेल फार वेगाने जाते आहे असे समजावे. माझ्या एका इंजिनात भोक ०.७ मिलिमीटरचे होते. त्यात ०.५ मिलिमीटर जाडीची पोलादी तार नुसती ओवून ठेवली आणि तेलाचा खर्च निम्म्यावर आला. सुरुवातीला थंड सिलिंडरमधून पाण्याचा जो पहिला हबका उडतो, त्या वेळी धुराड्यावर जुन्या धोतराची घडी धरावी. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, पण बर्नर विझलेला आणि इंजिन दूर असतानाच.

आता वळणाकडे येतो. ११० मिलिमीटर अंतरावर तीन आस ताठ बसवले आणि ते ७५० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर आणले, तर मधला आस टोकांच्या दोन आसांच्या रेषेपासून किती बाजूला सरकायला हवा? अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे १२१०० भागिले ६०००. उत्तर दोन मिलिमीटर येते. चाकाची कड आणि रूळ यांच्यामध्ये या गेजला साधारण एक मिलिमीटर मोकळीक सापडते. उरलेला एक मिलिमीटर कुठून तरी द्यावाच लागतो, नाहीतर इंजिन त्या वळणात पाचरीसारखे अडकून चालते आणि सारी ताकद कडा घासण्यात जाते. सोपा उपाय असा की, मधल्या आसाला दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर सरकू द्यावे आणि त्याच्या क्रँकपिना (चाकाला दांडा जोडणाऱ्या पिना) तेवढ्या लांब ठेवाव्यात. मधल्या चाकांच्या कडा कापून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला पटत नाही. पुढे कधी रूळ जरा वाकडा झाला की तेच चाक आत पडते.

मूळ इंजिनाला मात्र याहून देखणा उपाय होता. त्या इंजिनांचे पहिले व तिसरे आस क्लिएन–लिंडनर पद्धतीचे होते. चौकटीत फिरणारा गाभ्याचा आस सरळच राहतो आणि त्याच्यावर एक पोकळ आस बसवलेला असतो. चाके या पोकळ आसावर असतात. दोघांमध्ये मधोमध गोलाकार सांधा असल्यामुळे पोकळ आस वळणानुसार तिरका होतो आणि बाजूला सरकतो, तरीही गाभ्याच्या आसाबरोबर फिरत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला क्रँक आणि दांडे ताठ रेषेत फिरताना दिसतात आणि आतली चाके मात्र वळण घेत असतात. एवढ्या प्रेमाने मॉडेल करणाऱ्याने हे एकदा करून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

तांबट

टर्नरकाकांनी ओढीचा हिशेब मांडला आहे, मी फक्त बॉयलर आणि गॅस यांविषयी लिहितो. या दोन गोष्टींत चूक झाली तर नुसती गाडी थांबत नाही, माणसाला इजा होते.

आपली काचनळी खोटे बोलत नाही, ती केबिनमधल्या पाण्याची पातळी सांगते. बॉयलर १३० मिलिमीटर लांब धरला तर १:२० चढावर त्याच्या दोन टोकांच्या पातळीत साडेसहा मिलिमीटरचा फरक पडतो. धुराडे चढाच्या दिशेला असेल तर सारे पाणी केबिनकडे लोटले जाते. काचनळी केबिनमध्येच असल्याने ती मधल्या पातळीपेक्षा सव्वातीन आणि पुढच्या टोकापेक्षा साडेसहा मिलिमीटर जास्त दाखवते. सपाटीवर आल्यावर पाणी 'एकदम खाली' जाते असे आपल्याला वाटते, पण ती खरी पातळी असते. म्हणून सपाटीवर उभे असताना काचनळीच्या मागे दोन बारीक खुणा कराव्यात. एक खूण सपाटीवरच्या किमान पातळीची आणि तिच्यावर सव्वातीन मिलिमीटरवर दुसरी, चढावरच्या किमान पातळीची. किमान पातळी ठरवताना मधल्या अग्निनळीचा पुढचा माथाही पाण्याखाली राहील, एवढे पाणी धरावे.

यातून एक नियम आपोआप निघतो. आपला मार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा आहे, त्यावर इंजिन फिरवले जात नाही. त्यामुळे धुराडे कायम माथेरानकडे ठेवावे. चढताना पुढे, उतरताना मागे. आपला बर्नर केबिनच्या बाजूने शिरतो, म्हणजे नळीचा सर्वांत तापलेला भाग नेहमी खालच्या, पाणी भरपूर असलेल्या टोकाला राहील. वाफ घेण्याची जागा पुढे असेल तर तीही उंचावर येते आणि वाफेबरोबर पाणी ओढले जाण्याची शक्यता घटते. एखाद्या दिवशी गंमत म्हणून इंजिन उलटे लावले तर या दोन्ही गोष्टी उलट होतील, आणि हे मी गंमतीचे मानत नाही.

गॅस पाण्याच्या आधी संपला पाहिजे. सपाटीवर, डबे न जोडता, बॉयलर नेहमीएवढा भरावा, गॅसची टाकी पूर्ण भरावी आणि बर्नर आपोआप विझेपर्यंत इंजिन चालवावे. निवल्यावर उरलेले पाणी मोजावे. ते किमान खुणेच्या वर असले तर ठीक. नसले तर टाकीत लाकडी किंवा पितळी तुकडा घालण्यासारख्या युक्त्या न करता, छोटी टाकीच करून घ्यावी. बॉयलरची पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी कामाच्या दाबाच्या दुप्पट होती ना, हे कारागिराकडून पुन्हा विचारून घ्या. नव्या बॉयलरला दुप्पट आणि पुढच्या तपासण्यांना दीडपट, अशी सर्वसाधारण प्रथा आहे.

उन्हाची तक्रार मला ओळखीची आहे. शुद्ध ब्युटेनचा दाब २० अंश सेल्सिअसला हवेच्या दाबापेक्षा सुमारे १ बारने अधिक असतो, ४० अंशांना तो २.८ बारच्या घरात जातो. आपण ब्युटेन आणि प्रोपेन यांचे ७०–३० मिश्रण वापरत असाल, तर त्याच ४० अंशांना दाब याच्या दुपटीच्या आसपास जातो. अशा दाबाने जेटमधून, म्हणजे बर्नरच्या बारीक छिद्रातून, गॅस इतक्या वेगाने सुटतो की ज्योत बर्नरवर टिकतच नाही. भर्र आवाज त्याचाच. थंड देशांतल्या पुस्तिकांमध्ये मिश्रण वापरा, टाकीभोवती कोमट पाणी ठेवा, असे सल्ले असतात; आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्यांच्या नेमके उलट वागावे लागते. शुद्ध ब्युटेन घ्या, गॅसचा व्हॉल्व्ह केसभरच उघडा आणि टाकी इंजिनावर सावलीत राहील असे पाहा. टाकी भरत नाही याचेही कारण हेच आहे. तापलेल्या टाकीतला दाब, ज्यातून गॅस भरतो त्या डब्यातल्या दाबाएवढाच असतो, मग द्रव गॅस आत येईल कशाला? भरण्यापूर्वी टाकीवर ओले फडके पाच मिनिटे गुंडाळून ठेवावे, गॅसचा डबाही सावलीत असावा. भरताना जवळपास कोणतीही ज्योत, अगदी उदबत्तीसुद्धा, नसावी.

एक सूचना, जी मला स्वतःला फार आवडते. आपण वॉटरपाइप स्थानक सपाटीवर बसवले आहे. घाट चढणारी इंजिने तेथे पाणी घेत, म्हणून त्या जागेला ते नाव पडले. आपणही प्रत्येक खेपेला गाडी तेथे एक मिनिट थांबवावी. गाडी सपाटीवर असते, काचनळी खरी पातळी सांगते, आणि पाणी कमी दिसले तर छोट्या हातपंपाने चेक व्हॉल्व्हमधून (पाणी फक्त आत जाऊ देणाऱ्या झडपेतून) ते आत देता येते. पाणी ऊर्ध्वपातित किंवा स्वच्छ गाळलेले पावसाचे वापरावे. बोअरचे पाणी घातले तर दोन हंगामांत बॉयलरमध्ये क्षाराचा थर चढतो.

घाटवाट

टर्नरकाका आणि तांबट, दोघांचेही मनापासून आभार. टिश्यू कागदाचा प्रयोग आजच केला. कागद चहाच्या गाळणीसारखा तपकिरी झाला. गॅसही ७०–३० मिश्रणाचाच निघाला. इंजिन आतापर्यंत मी कधी या तोंडाने तर कधी त्या तोंडाने लावत होतो, हे सांगताना अंगावर काटा येतो आहे. आता ते पुन्हा होणार नाही.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. क्लिएन–लिंडनर आस माझ्या छोट्या लेथवर करता येईल का आणि त्याची मापे काय घ्यावीत? आणि उताराचे काय करावे? उतरताना रिव्हर्सर (इंजिनाची पुढे-मागे दिशा बदलणारा दांडा) मध्यावर आणून पाहिला, त्याने फारसा फरक पडला नाही.

टर्नरकाका

लेथवर नक्की होईल. गाभ्याचा आस ४ मिलिमीटरच्या सिल्व्हर स्टीलचा घ्या. त्यावर मधोमध ६ मिलिमीटर व्यासाचा गोळा बसवा. फॉस्फर ब्राँझचा गोळा करून आडव्या पिनेने तो आसाशी पक्का करावा. ही पिन १.५ मिलिमीटरची असावी आणि गोळ्याच्या दोन्ही बाजूंना थोडी बाहेर राहावी. पोकळ आस ९ मिलिमीटर बाहेरच्या आणि ६ मिलिमीटर आतल्या व्यासाचा. गोळा त्याच्या आत अलगद, पण खडखड न होता सरकला पाहिजे. त्यासाठी शेवटचा हात रिमरनेच (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने) द्यावा. पोकळ आसाच्या मधोमध, आसाच्या दिशेने लांबट अशा दोन खाचा समोरासमोर पाडाव्यात, ज्यांत पिनेची टोके बसतील. खाच पिनेपेक्षा प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटर लांब ठेवली की आस बाजूला सरकेल. रुंदी मात्र पिनेएवढीच, नाहीतर चाके क्रँकच्या मागे पडतील.

पोकळ आसाच्या टोकांना गाभ्याभोवती एकेक मिलिमीटर मोकळीक राहते. मध्यापासून टोक १३ मिलिमीटरवर धरले तर आस चार अंशांहून थोडा अधिक तिरका होऊ शकतो, आणि आपल्या वळणाला, ५५ भागिले ७५० या हिशेबाने, नेमके सव्वाचार अंशांच्या आसपासच लागतात. एक गोष्ट लक्षात ठेवा. या रचनेत इंजिनाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचा भार गोळ्याच्या एकाच बिंदूवर येतो, त्यामुळे डावी-उजवीकडचा तोल एकटा मधला आस सांभाळतो. मधल्या आसाला मऊ स्प्रिंगा लावू नका. आणि दोन्ही आस एकदम बदलण्याऐवजी आधी पुढचा करून पाहा.

सह्याद्री नॅरोगेज

उताराबद्दल लिहितो. हा प्रश्न मूळ मार्गावरही होता आणि तेथे त्याचे उत्तर इंजिनात शोधले गेले नव्हते. डब्याच्या टोकाला बसलेला माणूस शिट्टीच्या इशाऱ्यावर हातब्रेक आवळत आणि सोडत असे. मी लहानपणी अशा एका माणसाच्या शेजारी उभा राहून उतरलो आहे. त्याचे लक्ष दरीकडे नसायचे, कान सारे शिट्टीकडे असायचे, आणि चाक फिरवताना त्याच्या मनगटाची शीर ताठ व्हायची.

प्रत्येक डब्यावर ब्रेक का, हे आपल्या मॉडेलच्या आकड्यांवरूनच दिसेल. उतारावर गाडीला २४५ ग्रॅम पुढे ढकलतात, त्यातले शंभर आसांचे घर्षण खाते. राहिले १४५ ग्रॅम, आणि तेवढ्यावरच आपली गाडी पळते. आता एकाच जड डब्याला ब्रेक लावून हे भागेल का? आपला डबा ६०० ग्रॅमचा, आस चार, म्हणजे एका आसावर १५० ग्रॅम. पकड पाचवा हिस्सा धरली तर एक आस ३० ग्रॅमपेक्षा अधिक रोध देऊच शकत नाही, त्यापुढे चाक थांबून नुसते घसरते आणि त्याला चपटा डाग पडतो. म्हणून ब्रेक वाटून द्यावा लागतो. चार डब्यांच्या आठ बोग्यांमध्ये प्रत्येकी एका आसाला १५ ग्रॅमचा रोध दिला की १२० ग्रॅम झाले. उरलेले पंचवीस ग्रॅम इंजिनाचे पिस्टन आणि ग्लँड (पिस्टनच्या दांड्याभोवती वाफ अडवणारे भाग) सहज खातात.

मात्र हा रोध चढतानाही लागू झाला तर इंजिनाची सारी कमाई त्यात जाईल. त्यावर मी वापरलेला उपाय असा. एकाच दिशेने फिरू देणारे ४ मिलिमीटर आतल्या आणि ८ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे सुईबेअरिंग मिळते. ते पितळेच्या १६ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या ढोलात दाबून बसवावे आणि ढोल बोगीच्या आसावर चढवावा. आस कडक केलेल्या पोलादाचा हवा, साध्या पोलादावर बेअरिंगच्या सुया खाचा पाडतात. ढोलावर स्प्रिंगने दाबलेली चामड्याची पट्टी ठेवावी आणि स्प्रिंगला आवळण्याचा स्क्रू द्यावा. चढताना आस ढोलात मोकळा फिरतो आणि ढोल स्तब्ध राहतो. उतरताना चाके उलट फिरतात, बेअरिंग धरते, ढोल पट्टीखाली घासत फिरू लागतो. आपले डबे कधी फिरवले जात नाहीत, म्हणूनच ही युक्ती येथे चालते. गोल फेरी मारणाऱ्या मार्गावर तिचा काही उपयोग नाही.

रोध मोजायला डबा सपाट रुळावर ठेवावा, दोरा बांधून कप्पीवरून सोडावा आणि टोकाला नाणी किंवा वायसर लटकवावेत. किती वजनाला डबा हळू सरकू लागतो, ते दोन्ही दिशांना पाहावे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ब्रेकचा रोध. एका डब्याला तो ३० ग्रॅम यायला हवा. नमदा वापरू नका, तो तेल पितो आणि महिन्याभरात गुळगुळीत होतो.

घाटवाट

पावणेदोन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे.

ल्युब्रिकेटरच्या भोकात तार ओवली आणि शुद्ध ब्युटेन आणले, एवढ्यानेच पहिल्या दोन अडचणींतली बरीचशी मिटली. पुढचा आस क्लिएन–लिंडनर पद्धतीचा केला. पहिला पोकळ आस बिघडला, कारण खाच पिनेपेक्षा थोडी रुंद झाली आणि प्रत्येक फेऱ्याला 'टक्' असा आवाज येऊ लागला, दुसरा जमला. त्या वळणाशी वाकून, डोळे रुळाच्या पातळीवर आणून पाहिले, तेव्हा बाहेरचे दांडे सरळ चालत होते आणि आत चाकांची जोडी हळूच वळणाकडे तोंड करून गेली. ते मी वीस-पंचवीस वेळा तरी पाहिले असेल. मागचा आस अजून ताठच आहे, मधल्याला एक मिलिमीटर मोकळीक दिली आहे आणि सलग आठ खेपा चाके घसरली नाहीत. इंजिनामागे स्प्रिंगचा काटा लावून ओढ मोजला. सपाट, पुसलेल्या रुळावर तो ४६० ग्रॅम आला आणि आठव्या खेपेनंतर ४२०.

ब्रेकचे ढोल सध्या तीन डब्यांना बसले आहेत, चौथ्याचा व्हरांडा पुन्हा बांधतो आहे. तीन डब्यांची गाडी रेग्युलेटर बंद ठेवून माथेरानहून सोडली तर ती वेग न घेता उतरते. मूळ गाडीचा वेग ताशी १२ किलोमीटर धरला तर १:१९ प्रमाणात तो सेकंदाला साडेसतरा सेंटिमीटर येतो, म्हणजे २४ मीटरला सव्वादोन मिनिटे आणि थोडे सेकंद. काल उतरायला, वॉटरपाइपचा एक मिनिटाचा थांबा धरून, तीन मिनिटे वीस सेकंद लागले.

एक शंका उरली आहे. पावसाळ्यात डबे चार महिने पेटीत राहतील. चामड्याच्या पट्ट्या ढोलावर तशाच दाबलेल्या ठेवाव्यात का?

सह्याद्री नॅरोगेज

ठेवू नयेत. दमट हवेत चामडे पितळेला चिकटते आणि ढोलावर हिरवा डाग धरतो. स्क्रू पूर्ण सैल करा, पट्टी आणि ढोल यांच्यामध्ये मेणकागदाचा तुकडा सरकवून ठेवा, आणि दसऱ्याला पेटी उघडाल तेव्हा प्रत्येक डब्याचा रोध दोऱ्यावर पुन्हा मोजून मगच गाडी घाटावर न्या.